उपासनाला ओळखणाऱ्या बाई

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

आदरणीय आबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता कसा आहे?

उपासनाच्या मेडिकलच्या अर्जाला प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. मी तिला म्हणालो, "थेट विभागप्रमुखांना विचार." दाखल्यावर सही करणारा साहेब जितका मोठा तितकं काम सोपं, हेच माझ्या डोक्यात. तिनं विचारलं, पण त्यांच्या वर्गात शेकडो मुलं. त्यांनी सभ्यपणे कळवलं की मी तुला पुरेसं ओळखत नाही. पोर त्या दिवशी जेवली नाही. माझ्यामुळेच झालं, म्हणून मलाही घास गेला नाही.

मग ती केमिस्ट्रीच्या पार्करबाईंकडे गेली. त्यांच्याच विषयात तिला कमी मार्क होते, म्हणून मी आधी नको म्हणत होतो. पण शंका विचारायला ती वर्षभर त्यांच्याकडे जायची. बाई तिला म्हणाल्या, "पेपर अवघड गेला की बाकीची मुलं यायची बंद होतात. तू दुसऱ्या दिवशी आलीस. मी तेच लिहीन."

ते पत्र परस्पर मेडिकल कॉलेजला जातं, आपल्याला वाचायला मिळत नाही. मी विचारलं, "कमी मार्कांचंही लिहितील का गं?"

"लिहू देत ना बाबा. शी नोज मी."

आज सकाळी वंदनेनंतर त्या बाईंसाठी मंगलकामना केली. प्रवेशाचं काय होईल ते ठाऊक नाही, पण इतक्या लांब आपल्या पोरीला नीट ओळखणारं कुणी आहे, एवढ्यानं आज पोटभर जेवलो.

आईला औषध वेळेवर द्या, आणि तुम्हीही जपा.

तुमचाच,
रवी