उजव्या पाकळीचं पाणी

आप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीपुरतंच लिहिता येतं. त्यातून तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली. तेव्हा असलं पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही हे मला कळतंय, उगाच कुणी शिकवायला नको. पण आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. कपडे धुऊन वाळत घातलेत, दोन भाकरी लागतात त्या टाकून झाल्यात, आणि अजून दुपारसुद्धा झालेली नाही. म्हणून बसले.

मी कुरकुंभला औषधाच्या कंपनीत कामाला आहे. आत औषध तपासायची एक खोली असते, तिला लॅब म्हणतात. शिकलेल्या पोरी पांढरे कोट घालून तिथं दिवसभर थेंब थेंब मोजत असतात, आणि मी त्यांची काचेची भांडी घासते. घासते म्हटलेलं आमच्या मॅडमला आवडत नाही. "मावशी, वॉश म्हणा." म्हणा वॉश. आधी साबण, मग तीनदा नळाचं पाणी, मग शेवटी कंपनीचं ते चोख केलेलं पाणी. मागच्या महिन्यात पाठ दुखत होती, घरी जायची घाई होती, एका भांड्याला मी शेवटचं पाणी मारलंच नाही. चकाचक तर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमचा आकडा भलताच आला. दोन दिवसांचं काम परत करायला लागलं. शोधत शोधत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आम्ही औषध तपासतोय का तुमचा साबण?"

मी हातातलं भांडं खाली ठेवून स्टुलावर बसले. मॅडमला वाटलं बोलणं लागलं. त्यांनी पाणी दिलं, "जाऊ दे हो, होतं असं," म्हणाल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या त्या. बोलण्याचं मला काही नाही, मी उलटं चार बोलणारी बाई आहे. पण साबणाचं ते वाक्य मी वेगळ्या शब्दांत आधी ऐकलेलं होतं. तुमच्या तोंडून, आप्पा.

शिरूरच्या अंगाला आपल्या माळावर बिरोबाचं देऊळ. देऊळ कसलं, चार दगडी खांब आणि वर पत्रा. मेंढरं माळाला सोडून तुम्ही सकाळी तिथं बसायचात आणि लोक कौल घ्यायला यायचे, नदीपलीकडनंसुद्धा. विहिरीला पाणी लागंल का, पोरीचं हे स्थळ घ्यावं का, म्हैस विकावी का ठेवावी. तुम्ही देवाच्या अंगावर झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायचात, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या ओल्या करायचं काम माझं. वाटीत बोट बुडवायचं, पाकळीच्या पाठीला फिरवायचं, आधी उजवी तुमच्या हातात द्यायची, मग डावी. एकदा मी खेळता खेळता एका पाकळीला निथळेपर्यंत पाणी लावलं. तुम्ही ती अंगठ्यानं चोळून बघितली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातावर फटका मारलात. "दोन्हीला सारखं पाणी लावायचं. न्हाईतर देव न्हाई बोलत, पाणी बोलतं."

समोर बसलेला म्हातारा हसला. "आप्पा, तुमची लेक देवालाच शिकवाया निघाली की वं!"

तुम्ही नाही हसलात. त्या म्हाताऱ्याला तेवढं थांबायला लावून दुसरं फूल तोडलंत. आज मला वाटतं, तुम्हाला शाळेत घातलं असतं तर तुम्ही आमच्या मॅडमच्या खुर्चीत बसला असता. त्यांचंही दिवसभर हेच चाललेलं असतं, दोन्हीला सारखं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते, फार फिरवत नाही. मी अकरा वर्षांची होते. आईचे डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं. शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवा, उशीर करू नका. तुम्ही घरी येऊन फेटा काढला आणि म्हणालात, "देवाला इचारतो आन् मग बघू." तुम्हाला कुणी अडाणी म्हटलं तर मी त्याच्या अंगावर जाईन. तुम्ही सगळंच विचारत होता, तसं हेही विचारणार होता. पण वाटी माझ्या हातात होती. आणि मला आई जायला नको होती. वस्तीवरनं पुण्याच्या दवाखान्यात गेलेली तीन माणसं मी बघितली होती, तिन्ही चादरीत गुंडाळून परत आली. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता, तिथं नेलेलं माणूस मरतं. आता लॅबमध्ये कान उघडे ठेवून कळतंय की हा हिशेब चुकीचा. मरायला टेकलेलीच तेवढी नेत होते, बरी होणारी कोण नेतं पुण्याला? पण अकरा वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगावं!

मी उजव्या पाकळीला भरपूर पाणी लावलं, म्हणजे ती चिकटून राहील. डावीला नुसतं बोट दाखवल्यासारखं केलं. तुम्ही देवाला मोठ्यानं विचारलंत, हिला पुण्याला न्यावी का. आई बाहेर सावलीला पडली होती, तिलाही ऐकू गेलं असणार. डावी पडली. नाही म्हणाला. तुम्ही हात जोडले. आई सहाव्या दिवशी गेली.

दिवस झाले, पाव्हणे गेले आणि तुम्ही कौल लावायचं बंद केलंत. दिवा लावायचात, देवाला पाणी घालायचात, पण पाकळी पुन्हा हातात धरली नाही. लोक गयावया करायचे, "आप्पा, आमचं एवढं इचारून द्या की, लांबनं आलुय." तुम्ही म्हणायचात, "आता बोलत न्हाई त्यो." पुढच्या वर्षी मेंढरं विकलीत आणि आपण दौंडला आलो. तुम्ही एका गोदामावर राखण करत बसलात, मी शाळा सोडून चूल धरली. बिरोबाचा साधा फोटोसुद्धा दौंडच्या खोलीत लावला नाहीत. लोकांना वाटलं, बायको गेली म्हणून माणूस देवावर रुसला. मला माहीत होतं, देवानं काहीच केलेलं नाही. केलं ते मी. एका वाक्यात तुमचा देव तुम्हाला परत देता आला असता, आप्पा. "देव नव्हता बोलला, पाणी बोललं." ते वाक्य मी तुम्हाला दिलं नाही. दिलं असतं तर देव परत आला असता आणि लेक तुमच्या मनातनं गेली असती. आई गेलेलीच होती, तुम्हीही गेला असता तर मी कुणाकडं बघणार होते?

पुढं पुष्कळ वर्षं मी हे कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही, आता तोही नाही. मागं यवतला कीर्तन होतं, त्या महाराजांना मी बायकांच्या रांगेत उभी राहून विचारलं. नाव न सांगता, कुणीतरी असं केलं तर काय, असं. महाराज म्हणाले, "माउली, करता करविता तो. आपण निमित्त." मी म्हटलं, "मग बाई मारली ती पण त्यानंच, असं म्हणा की. चांगलं झालं की त्यानं केलं आन् वाईट झालं की आमच्या नावावर, असं का?" महाराजांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि पुढच्या बाईला बोलावलं. खडीसाखर खाल्ली. टाकायची कशाला.

मग त्या भांड्याचा घोळ झाला त्या दिवसापासून माझ्या डोक्यानं घेतलं की निदान एवढं तरी तपासून बघू, खरंच पाण्यानं पाकळी थांबते का. लॅबमधनं तुटका म्हणून टाकून दिलेला ड्रॉपर घरी आणला. पाटा भिंतीला टेकून उभा केला, त्याला शेंदूर आणि तेल चोपडलं. शेजारीण डोकावली, "काय वं, पाट्याचा देव केला का काय?" मी म्हटलं, "व्हय, तुझ्या सासूला नवस बोलायला पाठव." गेली हसत. अख्खा गुरुवार मी बसले. उजवीला थेंब जास्त, डावीला कमी, पुन्हा, पुन्हा. आणि आप्पा, कधी ओली टिकली, कधी ओलीच आधी पडली! जास्त पाणी झालं की पाकळी जड होऊन घसरते. कधी दोन्ही अर्धा तास हलल्या नाहीत. झेंडू संपला, माझ्या हाताला काही लागलं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या पाण्याचं ओझं वागवलं, ते पाणीच बोललं होतं का देव, हेसुद्धा मला ठाऊक नाही. मला हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. पोरीच्या मनात काय होतं ते काही पाट्यावर तपासता येत नाही.

शेवटी मॅडमला विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळं सांगितलं, आईसकट. त्या डबा बंद करून ऐकत बसल्या. म्हणाल्या, "किती पाणी होतं, दगड कसा होता, वारा होता का, हे सगळं पाहिजे मावशी. तो दिवस परत मांडता येणार नाही. आणि पुण्याला नेलं असतं तर आई वाचल्या असत्या का, तेही आता कुणी सांगू शकणार नाही. माहीत नाही, हेपण उत्तर असतं." मी म्हटलं, "असलं उत्तर रोज भाकरीबरोबर खाऊन बघा एकदा." त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला एक छापील रिपोर्ट दाखवला. "हे बघा. इथं विष नाही असं आम्ही कधीच लिहीत नाही. सापडलं नाही, असं लिहितो. आमचं मशीन जेवढं बारीक बघतं तेवढंच आम्ही बोलायचं. त्याच्या खाली काय आहे त्यावर बोलायचा आम्हाला अधिकार नाही."

मी विचारलं, "मग तिथं कोण बोलतं?"

"मी घरी गणपतीपुढं उदबत्ती लावते," त्या म्हणाल्या, "पण लॅबमध्ये लावत नाही." आणि उठून हात धुवायला गेल्या. एवढंच. त्यांच्याकडंही याच्यापुढं काही नव्हतं, आणि नसल्याचं त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला ती पोर आवडते.

मीही दिवा लावते, आप्पा. देव आहे म्हणून छातीठोक सांगणाऱ्याचा मला कंटाळा येतो आणि नाही म्हणून सांगणाऱ्याचाही येतो. दोघांनी माझ्यासारखी भांडी घासलेली नसतात. मला तो सापडला नाही. एवढंच मी लिहून देईन.

पण एक गोष्ट आहे. आईचा कौल लावला त्या दिवशी उजवी पाकळी तुमच्या हातात दिल्यावर तुम्ही थांबला होता. अंगठा तिच्यावरनं फिरवलात. माझ्याकडं बघितलंत. मग देवाला लावलीत. दुसरं फूल तोडलं नाहीत, फटका मारला नाहीत. तुमच्या अंगठ्याला कळलं नसेल, हे मला आज पटत नाही. मग कळून तुम्ही ती का लावलीत? तुम्हालाही तिला न्यायची भीती वाटत होती का? आणि नंतर "आता बोलत न्हाई त्यो" म्हणून सगळा दोष देवावर टाकलात, तो माझ्यावर येऊ नये म्हणून का? का तुम्हाला काहीच कळलं नव्हतं, तुम्ही नुसतेच आईच्या काळजीत थांबला होता, आणि मी तुमचा देव चोरला ते चोरलाच? दौंडच्या दवाखान्यात तुम्ही शेवटचे चार दिवस होता. खाटेशी मी एकटी. मी विचारलं, "आप्पा, अंगारा लावू का कपाळाला?" तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. त्याला कशाला तरास." चार दिवस होते माझ्याजवळ. तुम्ही शुद्धीवर होता, ऐकू येत होतं, चहा मागत होता. मी चहा आणत राहिले.

तुम्हाला कळलं होतं, असंच मी धरून चालले आहे. याला कसला पुरावा नाही. मॅडम याच्यावर सही करणार नाहीत. तरी रोज उठून मी तेवढ्यावर चालते. याला श्रद्धा म्हणत असतील तर माझी श्रद्धा एवढीच, देवापेक्षा तुमच्या अंगठ्यावर जास्त.

हे कुणाला दाखवायचं नाही. लेक शिक्रापूरला असते, तिला आजी काविळीनं गेली एवढंच माहीत आहे, तेवढंच राहू दे. देवळात नेऊन ठेवलं तर तिथला आताचा पुजारी मोबाईलवर फोटो काढून गावभर करील. पिठाच्या डब्याखाली ठेवीन, नाहीतर फाडीन, अजून ठरवलं नाही.

आणि खरं सांगायचं तर विचारायचं म्हणून मी लिहायला बसलेच नव्हते. उत्तर येणार नाही हे मला बसतानाच माहीत होतं. कंपनीत मला मावशी म्हणतात, जावई मामी म्हणतो, शेजारीण काकू म्हणते. मला हाक मारायला माणसं आहेत. मी ज्याला आप्पा म्हणावं असं मात्र आता कुणी उरलेलं नाही. म्हणून प्रत्येक वेळी कागदावर आप्पा लिहिताना मी ते तोंडानंही म्हणत होते, शेजारी ऐकू जाणार नाही असं, हळू.