बॅटरी शिल्लक ८१ टक्के

३ फेब्रुवारी. वेळ १३४०.
फोन मेला. सकाळी शंभर टक्के होता. शत्रू कोण ते शोधून काढण्यासाठी आजपासून ही नोंदवही. कुणी वाचायची नाही.
मी हवालदार नानासो, लष्कराच्या सिग्नल तुकडीतून निवृत्त. बर्फात, वाळूत, चिखलात वायरलेसचे सेट सांभाळले. माझ्या हातात एकही बॅटरी वेळेआधी गेली नाही. आणि हा चपटा डबा कवठे महांकाळात दुपारच्या भाकरीपर्यंत टिकत नाही.

वेळ २०३०.
समोरच्या गुंडाचा फोन आत्ता ६२ टक्के. तोच फोन, तोच रंग, मिरजेतल्या एकाच दुकानातून एकाच दिवशी दोघांनी घेतलेला. गुंडा माझा चुलत भाऊ. मुद्दाम कट्ट्यावर येऊन दाखवला. म्हणाला, नाना, लय सोपं हाय, रात्री लावायचा, सकाळी काढायचा, आन् दिवसभर त्याच्याकडं बघायचं न्हाई. आणि हसला.
त्याला फोन येतो कुणाचा? बेदाण्याच्या दलालाचा. मला ओळखी आहेत. ओळखी असल्या की बॅटरी उतरते.

४ फेब्रुवारी. वेळ ०९००.
परिस्थितीचा आढावा. बायको रंगूचा बटणांचा फोन गेल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीत पडला. नवीन आणला नाही. एका ठाण्याला एक सेट पुरतो.
यशराज सीमेवर आहे. मुलगा माझाच. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं गुंडासमोर माझा फोन हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं, आबा, बॅटरी झकास हाय, तुमी दिवसाला सात तास व्हिडिओ बघताय. मी म्हटलं, सहा वर्षं नोकरी झालेल्यानं मला सेट शिकवू नये. आणखीही दोन वाक्यं बोललो. ती इथं लिहीत नाही. तेव्हापासून तो फक्त आईच्या फोनवर बोलायचा. आता तो फोन टाकीच्या तळाशी आहे, म्हणजे त्याला माझ्याच फोनवर यावं लागेल.
मी स्वतः लावणार नाही. ज्युनिअरनं रिपोर्ट करायचा असतो. पण तो लावेल तेव्हा माझा सेट मेलेला असता कामा नये. एवढंच उद्दिष्ट.
आणि सात तास नाही. मी युद्धनीतीचं विश्लेषण बघतो. तो अभ्यास आहे.

५ फेब्रुवारी. वेळ १११५.
पहिली कारवाई. स्क्रीनचा उजेड पूर्ण कमी केला. काहीही दिसत नाही, म्हणजे बचत चालू आहे.

वेळ ११४०.
अंधारात चुकून गुंडाला कॉल लागला. समोरच्या घरात वाजलेला मला इथं ऐकू आला. कापला, तर माणूस चालत आला. काय नाना, याद केलीसा? दोन टक्के फुकट गेले. चहाही प्याला.

६ फेब्रुवारी. वेळ १८००.
एसटीनं मिरजेला जाऊन आलो. दुकानदार रविराज. गळ्यात ब्लूटूथ, तोंडात बडीशेप. त्यानं यंत्र लावलं आणि सांगितलं, काका, बॅटरी ठणठणीत. मग एक यादी उघडून दाखवली. व्हिडिओ ७४ टक्के. बाकी सगळं मिळून २६. मी विचारलं, ही यादी कोण लिहितं? म्हणाला, फोनच. म्हणजे आरोपीच साक्षीदार. तिथंच घोडं पेंड खातंय. मी उठलो. परतीच्या प्रवासात एक विश्लेषण पाहिलं, भाग एक ते चार. कवठे महांकाळ यायच्या आत फोन मेला.

७ फेब्रुवारी. वेळ १२३०.
अनुभव वापरला. बर्फात आम्ही बॅटरी काखेत धरून गरम ठेवायचो. इथं उलट परिस्थिती, म्हणून उलट उपाय. फोन ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवला.

वेळ १५००.
काचेच्या आत वाफ. रंगू म्हणाली, आवं, फोन हाय का काकडी? फोन बाहेर काढला. तांदळाच्या डब्यात पुरला आहे.

८ फेब्रुवारी. वेळ ०५३०.
तांदळातून काढला. जिवंत आहे. रात्रभर विचार केला आणि चूक सापडली. मी बचत करत होतो, शिस्त नाही. आघाडीवर सेट दिवसभर उघडा ठेवतो कोण? मूर्ख. तिथं वेळा ठरतात. ठरल्या वेळी सेट उघडायचा, कान लावायचा, बंद करायचा. मधल्या वेळेत रेडिओ सायलेन्स.
आदेश: सकाळी ०६०० ते ०६१०, दुपारी १३०० ते १३१०, रात्री २००० ते २०१०. बाकी वेळ विमानाचं चिन्ह. इंटरनेट कायमचं बंद, कारण शुभ सकाळ पाठवणारे माजी सैनिक तिथूनच हल्ला करतात.
रंगू म्हणाली, पोराला सांजच्याला सात वाजता सवड असती, सात वाजता उघडा की त्यो. मी म्हटलं, एकदा ठरलेलं वेळापत्रक बदलत नाही. ती म्हणाली, मग त्येला कसं कळायचं? प्रश्न रास्त होता. कबूल केलं नाही.

वेळ २०२०.
यशराजला व्हॉट्सअॅपवर वेळापत्रक लिहिलं. तिन्ही वेळा, स्पष्ट. शेवटी एक ओळ जास्तीची झाली. लष्करी संदेशात असली ओळ बसत नाही, पण पुसत बसलो तर बॅटरी जाईल, म्हणून राहू दिली. पाठवायचं बटण दाबलं. मेसेजपुढे बारीक घड्याळ आलं. म्हणजे वेळा नोंदवल्या गेल्या. सोय चांगली केली आहे, हे मान्य करावं लागेल.

९ फेब्रुवारी. वेळ २०१०.
दिवसाअखेर ७६ टक्के! कॉल नाही.

१० फेब्रुवारी. वेळ २०१०.
७९. कॉल नाही. व्हिडिओची सवय नव्हतीच, त्यामुळे सुटायचा प्रश्न नाही. फक्त हात रिकामे वाटतात. शाळू काढायला आलेल्या बायकांना पेंढी बांधायची योग्य पद्धत समजावली. त्यांनी दोन तास ऐकलं आणि उद्या गुंडाच्या बेदाण्याच्या शेडवर जाणार म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी. वेळ २०१५.
रंगू गुंडाच्या घरी गेली. काय काम? म्हणाली, बेदाणा निवडायला. संध्याकाळी सातला कुठला बेदाणा दिसतो? बरं, आमच्या घरातून त्या घरी जाणं दिवाळीपासून बंद आहे, हे तिला माहीत आहे. तासाभरानं आली. डोळे लाल, पण चेहरा खुशीत. मी विचारलं, झाला निवडून? म्हणाली, उरलाय.

१३ फेब्रुवारी.
परत सातला. परत बेदाणा. ८० टक्के.

१५ फेब्रुवारी. वेळ २०१०.
८१ टक्के! विक्रम. गुंडाला कट्ट्यावरून आकडा ओरडून सांगितला. तो म्हणाला, लय भारी नाना, आन् फोन कुणाचा आला? पराभूत माणूस विषय बदलतो.
यशराजचा नाही आला. आठ दिवसांत चोवीस वेळा सेट उघडला. प्रत्येक वेळी पूर्ण दहा मिनिटं कान लावून बसलो, एकदाही उठलो नाही. मुलगा वेळापत्रक वाचूनही लावत नाही, म्हणजे राग धरून आहे. धरू दे. बापाकडूनच घेतला आहे तो गुण, पण बापाच्या वयाला शोभतो.

१७ फेब्रुवारी. वेळ २०३०.
रंगू बेदाण्यावरून परत आली आणि म्हणाली, आवं, ऐका तरी, गुंडाभावजींच्या फोनवर... मी तिथंच तोडलं. म्हटलं, त्या घरातली बातमी या घरात नको. बातमी आली तर माझ्या सेटवर, अधिकृत मार्गानं येईल. ती चूल पेटवायला वळली. म्हणाली, बरं, ऱ्हाऊ द्या मग. वाट बघा त्येची.
शिस्त समजायला वेळ लागतो.

१९ फेब्रुवारी. वेळ १३१०.
घरात करंज्या तळल्या जात आहेत. सण कुठलाही नाही. एक मागितली तर हातावर मारलं. आतल्या खोलीतली गादी उन्हात टाकली आहे. विचारलं तर म्हणाली, तुमच्या सेटवर आलं न्हाई व्हय अजून?
८२ टक्के. कॉल नाही.

२१ फेब्रुवारी. वेळ १७३०.
गुंडा जीप धूत आहे. आतूनसुद्धा. त्याची बायको राहीबाई त्याला ओरडून सांगते, पहाटे चारला निघा, मिरजेला गाडी येळेवर आली तर पोरगं ताटकळंल. कुठलं पोरगं? असेल कुणी पाहुणा. मला काय करायचंय?

वेळ २०३०.
रात्री २००० ते २०१०. कॉल नाही. खरं लिहायचं तर २०२५ पर्यंत उघडा ठेवला. नियमाचा भंग झाला. परत होणार नाही.

२२ फेब्रुवारी. वेळ ०६००.
सेट उघडला. शंभर टक्के. रेंज पूर्ण. कट्ट्यावर बसलो.

वेळ ०६०८.
कॉल नाही. गुंडाची जीप आली. मी पाठ फिरवली.

वेळ ०७३०.
आत्ता लिहायला सवड झाली. त्या जीपमधून यशराज उतरला. पाठीवर सॅक. रंगू ओवाळायचं ताट घेऊनच बाहेर आली. ताट तयार होतं! राहीबाई आली, शेजारची पोरं आली, शाळू काढणाऱ्या बायकासुद्धा आल्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यानं वाकून पाया पडताना माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं.
मी विचारलं, फोन का नाही केलास? म्हणाला, आबा, एकोणीस येळा केला. बंदच लागतोय. शेवटी गुंडाकाकाच्या फोनवर आईला बोलावून घ्यायला लागलो. रोज सातला.
म्हटलं, वेळापत्रक पाठवलं होतं. म्हणाला, कुठलं?
गुंडा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला बोलता आलं असतं.

२३ फेब्रुवारी. वेळ १५००.
आज लिहिणार नव्हतो. लिहितो.
यशराजनं माझा फोन बघितला. म्हणाला, आबा, ह्ये घड्याळ म्हंजी मेसेज गेलाच न्हाई. नेट चालू केल्याबिगर जात न्हाई. मी म्हटलं, मला माहीत आहे, ती चाचणी होती. त्यानं नेट चालू केलं. माझा हात पुढे गेला, पण उशीर झाला. त्याच्या खिशात टुंग वाजलं. दोन आठवडे अडलेला माझा मेसेज स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या फोनवर उतरला.
त्यानं वाचला. वेळापत्रक वाचताना चेहरा सरळ होता. मग ती शेवटची ओळ आली असणार. ती ओळ अशी होती: दिवाळीत जास्त बोललो. थंडीत कान झाकत जा.
तो उठून आत गेला. मला वाटलं, परत बिनसलं. पाच मिनिटांनी बाहेर आला तो लोकरीची कानटोपी घालून. फेब्रुवारीचं ऊन, कपाळावरून घाम चाललेला, आणि हा अंगणात बसून करंजी खातोय. टोपी जेवणापर्यंत काढली नाही. माजी हवालदाराची ही चेष्टा आहे. मी दखल घेतली नाही. दोन वेळा घराच्या मागे जाऊन आलो.

४ मार्च. वेळ १६००.
यशराज परत गेला. मिरजेपर्यंत गुंडाच्या जीपमध्ये मी पुढे बसलो. नाइलाज होता, मागे सामान होतं. गाडी सुटताना तो म्हणाला, आबा, सात वाजता चालू ठेवा. म्हटलं, विचार करू.
नवीन आदेश: रेडिओ सायलेन्स रद्द. सेट दिवसभर उघडा. इंटरनेट उघडं. अभ्यास पूर्ण बंद, म्हणजे अर्धा तास.

६ मार्च. वेळ ०६००.
शंभर टक्के. आज तो पोस्टवर पोहोचणार आणि पोहोचल्याचा फोन करणार. पहिला कॉल माझ्या सेटवर, अधिकृत मार्गानं. रंगूला आणि समोरच्या घरालाही तसं बजावून सांगितलं आहे.

वेळ १०२०.
८८. नेट उघडल्यापासून जुने मेसेज साठलेत. यशराजचे बरेच आहेत. बर्फाचे फोटो, त्याच्या बंकरचा, आणि आवाजात बोललेले सहा. आबा, फोन बंद लागतोय, बरं हाय न्हवं? असे. तपासणी म्हणून एकदा ऐकले.

वेळ १५४५.
४१. परत ऐकले. तपासणी नीट करावी लागते. मधे अर्ध्या तासाचा अभ्यास केला, तो लांबला.

वेळ १८१०.
९ टक्के. लाइट दुपारपासून नाही. डीपी जळाली म्हणतात. चार्जर भिंतीत तसाच लटकतोय. गुंडाकडे इन्व्हर्टर आहे, पण मागायला जाणार नाही. नऊ टक्क्यांत मी एकेकाळी अख्खी पलटण बोलती ठेवली आहे.

वेळ १८४०.
मेला.

वेळ १८५५.
रंगू पदर खोचून उभी आहे. तिनं चपला घातल्या. समोरच्या ओसरीत दिवा लागलेला दिसतोय, गुंडानं दोन पाट टाकलेत. दोन का टाकलेत, ते माहीत नाही.
मीही निघालो आहे. बेदाणा निवडायला.