आबा माळावर हरवले तेव्हा

दि. २२ मे २०२४
ता. जि. वाशीम

चि. पवनले ताईचे अनेक आशीर्वाद.

तू माझा नंबर बंद करून ठेवला, म्हणून पोस्टानं लिहून राह्यली. माझं अक्षर पाहून पाकीट फेकून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या पोरीकडून लिहून घेतला. मास्तरीण असून ह्या लबाड्या कराव्या लागतात. आता उघडलंच आहे तर शेवटपर्यंत वाच.

आबा घरी आहेत. सकाळी अर्धी भाकर आणि वाटीभर वरण खाल्लं. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुझा जीव खालीवर होईल. बारा तारखेले, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ते घरातून निघून गेले आणि सापडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातले. चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं. वर्षभरापासून त्याईले विसरायले होते. माणसं ओळखत नाहीत, वेळ समजत नाही, पण पाय मात्र धड आहेत.

पोलिसात वर्दी दिली. दोन शिपाई आले, भले माणसं होते, पण त्याईले इथली वाट ठाऊक नाही. मग शोधाची आखणी माझ्यावर आली. सुट्ट्या होत्या, शाळेची किल्ली माझ्याकडंच. फळ्यावर गाव, नदी, वावरं आणि माळ काढला. एकतीस माणसं जमली. तुझ्या वर्गातला परवेज अनसिंगवरून आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, त्यात पाण्याच्या कॅना भरल्या. जोडीजोडीनं माणसं पाडली, एक पायानं तरणा, एक वाट जाणणारा. दोन जोड्यांत वीस पावलांचं अंतर. डोक्याले ओला दुपट्टा, खिशात कांदा. खो-खोच्या मैदानाची फक्की वाटून दिली, पाहून झालेल्या जागेवर खूण करायले. हाक मारायची ती एकदाच, मग साठ आकडे मोजेपर्यंत गप उभं राहून ऐकायचं. सगळ्यांनी हाकाटी केली तर म्हाताऱ्याची ओ कोणाले ऐकू येईल? शिपायानं माझी तारीफ केली. मलेही बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

रविवारी चार वाजल्यापासून दिवस बुडेपर्यंत आमी नदीकाठ पाहिला, वावरं पाहिली, विहिरींत वाकून पाहिलं. परवेज दोनदा म्हणाला, ताई, माळ राह्यला. मी म्हटलं, तिकडं ते कायले जातील? मे महिन्यात तो माळ म्हणजे वाळवंटच. मुरूम, दगड आणि कोरडा नाला, पाण्याचा थेंब नाही.

पवन, मले माहीत होतं ते तिकडंच गेले.

ते रोज सकाळी विचारत, "पवन आला का?" मी रोज म्हणे, येईल. त्या रविवारी कुकर लावत होती, त्याईनं पाचव्यांदा विचारलं, तर चिडून म्हटलं, "आज येऊन राह्यला, अनसिंगच्या एस्टी स्टँडावर उतरते." दोन घडी शांत बसतील एवढंच मनात होतं. तू होस्टेलवरून यायचा तेव्हा आबा माळावरून पायी स्टँडावर जायचे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तासाभरानं पाहिलं तर टोपी आणि छत्री जाग्यावर नाही.

आणि हे मी कोणाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, पवन काहून येत नाही? मग आईच्या तेरवीले मी तुले काय म्हटलं, ते निघालं असतं. भावकीले तर ते पाठच आहे, पण मी माझ्या तोंडानं कधी कबूल केलं नाही. माझी अब्रू सांभाळायले मी एकतीस माणसं नदीकाठी फिरवली आणि बाप उन्हात ठेवला.

सोमवारी पहाटे पाच वाजता फळ्यासमोर सगळ्यांदेखत सांगून टाकलं. आबा पवनले घ्यायले गेले, मीच खोटं सांगितलं, माळाकडं चला. परवेजनं फडकं घेऊन फळा पुसला आणि म्हणाला, ताई, आता नुसता माळ काढ, मोठा.

माळावर आमी नाल्यापर्यंत गेलो. शिस्तीत, वीस पावलांवर, एकेक हाक. काहीच नाही. कस्तुराबाई काकू पाण्याचा गडू घेऊन मागून येत होती, ती माझ्यावर उखडली. म्हणे, "एवढी शिकली, अन् एकच हाक मारून राह्यली? माळावर पहिल्या हाकेले ओ कोण देते?"

आपल्याले लहानपणी कोणी शिकवलं होतं रे? आबानंच. एकटं असताना माळावर कोणी हाक मारली तर दोनदा गप राहायचं, तिसऱ्यांदा मारली तरच माणूस, नाहीतर चकवा. बाकी सगळं विसरले, पण हे त्याईच्या हाडात बसलं होतं. आणि मी फळ्यावर लिहून एकतीस जणांकडून चकव्यासारखी हाक मारून घेतली.

पुन्हा मागं फिरलो, आता तीन-तीन हाका. जुन्या गाडीवाटेखालच्या मोरीजवळ परवेजनं दोनदा "आबा" म्हटलं आणि तिसऱ्यांदा त्यालेच काय सुचलं, "आबा, मी पवन, आलो!"

मोरीतून आवाज आला, "ओ. किती उशीर रे बाबू?"

ओठ फुटले होते, छत्री मोडली होती. मी त्या मुरमावर बसून मोठ्यानं रडली, लाज वाटली नाही. वाशीमले तीन दिवस सलाईन लावली, मग घरी आणलं.

तेव्हापासून परवेज रोज संध्याकाळी दुकान बंद करून येतो. आबा त्याले पवन म्हणतात, वाळला म्हणून रागावतात, आपल्या ताटातली आंब्याची फोड त्याच्या ताटात टाकतात. तो पहिल्या दिवशी मले बाहेर नेऊन म्हणाला, ताई, हे चुकीचं वाटते, खरं सांगू का? मी नको म्हटलं. सहा दिवस झाले, आबानं सकाळी एकदाही विचारलं नाही.

तेरवीले सगळ्यांसमोर मी तुले म्हटलं होतं, पाहुण्यासारखा आला, पाहुण्यासारखा जा. आईले शेवटी पाणी मी पाजलं आणि तू दुसऱ्या दिवशी पोचला, त्याचा राग होता. गाडी चुकली होती, हे मले तेव्हाही माहीत होतं. चूक माझी आहे.

बाप आजारी आहे, लवकर ये, असं लिहायले बसली होती. पण ते आता खरं नाही. आबाले त्यांचा पवन भेटला, ते सुखात आहेत. तू आला तर तुले ओळखतील की नाही, सांगता येत नाही.

ह्या घरात वाट पाहणारं आता एकच माणूस उरलं.

तुझी,
ताई