तळमजल्यावरचा समुपदेशक

३ जून, सकाळी

निर्णय झाला. समुपदेशक होणार. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर अख्खी नोकरी काढली. ऐकून घेण्यात माझा हात कोण धरणार? आता समाजसेवा. सुरुवात आपल्याच बिल्डिंगपासून. ऑनलाइन कोर्सला नाव घातलं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, चांगलं आहे. मग म्हणाली, बहीण एकटी पडलीय, तिचं शिवणाचं दुकान दोघींनी मिळून चालवू म्हणते, कायमचीच ये म्हणते, जाऊ का? म्हटलं, पहिलं लेक्चर सुरू होतंय, नंतर बोलू.

११ जून

कोर्समध्ये काही कठीण नाही. मुख्य नियम एकच, सल्ला द्यायचा नाही. समोरच्याचं वाक्य त्यालाच परत करायचं, म्हणजे तो आपला निर्णय आपण घेतो. मॅडम म्हणाल्या, कुणाचं बोलणं मधे तोडू नका. मी त्यांना मधेच थांबवून सांगितलं की मला ती सवयच नाही.

हिने पुन्हा बहिणीचा विषय काढला. माझा गृहपाठ चालू होता.

२९ जून

सर्टिफिकेट आलं. फ्रेम केलं. सेक्रेटरींनी माझ्या समुपदेशन केंद्रासाठी तळमजल्यावरची टेबल टेनिसची खोली संध्याकाळपुरती दिली, टेबल हलवायचं नाही या अटीवर. म्हणजे क्लायंट आणि मी यांच्यामध्ये नेट येणार. हरकत नाही. अंतर राखायला बरं.

२ जुलै

कोणी आलं नाही. मोकळं व्हायला लोकांना वेळ लागतो.

३ जुलै

तेच.

६ जुलै

पहिला क्लायंट! दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाई. मुलगा बोलत नाही म्हणाल्या, आणि रडल्यासुद्धा. मलाही भरून आलं. पण जुनी सवय नडली. त्या डोळे पुसत होत्या तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, नोंद घेतली आहे, पुढचे या. पुढचं कोणी नव्हतंच. बाई तडक उठून गेल्या. बहुतेक हलकं वाटलं असावं.

९ जुलै

लिफ्टवाला मेकॅनिक स्टूल मागायला आला. बसवून घेतलं. लिफ्ट बंद आहे म्हणाला. नियमाप्रमाणे म्हटलं, म्हणजे लिफ्ट बंद आहे असं तुम्हाला वाटतंय. तो म्हणाला, वाटत नाही साहेब, बंदच आहे. आणि स्टूल घेऊन गेला. सगळेच काही पहिल्या भेटीत खुलत नाहीत.

१२ जुलै

बहिणीला आता उत्तर द्यायला हवं, जरा बसून बोलायचंय, असं ही म्हणाली. मी नुकताच केंद्रातून आलो होतो. कोणी न येण्याचाही शीण येतो. म्हटलं, उद्या केंद्रातच ये, तिथे माझं पूर्ण लक्ष असतं. गंमत केली होती.

१३ जुलै, संध्याकाळी

ही खरंच आली. बाहेर जायचे कपडे, हातात पर्स. नेटच्या पलीकडे बसली आणि बोलायला लागली. म्हणाली, इतकी वर्षं या घरात मी भिंतींशी बोलतेय. माझं ऑपरेशन होतं त्या दिवशीसुद्धा तुम्ही तुमच्या खिडकीवर बसला होतात. जायची हौस नाही मला, पण राहायचं कुणासाठी तेच कळत नाही. एकदा तुम्हीच सांगा, जाऊ की नको?

मी मान हलवत राहिलो. एकदाही मधे बोललो नाही. जाऊ नकोस, हे अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण तो सल्ला झाला असता, आणि पहिल्यांदाच इतकं रंगलेलं सेशन मला बिघडवायचं नव्हतं. म्हटलं, म्हणजे जावं की नाही ते तुला कळत नाहीये.

ही पर्स घेऊन उठली. मग म्हणाली, आता कळलं.

क्लायंटने निर्णय स्वतः घेतला. सेशन पूर्ण यशस्वी.

१६ जुलै

ही गेली. बॅग मीच रिक्षापर्यंत नेली. माणसाला बदल हवाच असतो. येईल परत लवकरच, हा माझा व्यावसायिक अंदाज.

२४ जुलै

केंद्र नियमित उघडतो. घरी जायची घाई नसते. चहाची पावडर कुठे असते हे विचारायला हिला फोन लावला. वरच्या फळीवर म्हणाली.

५ ऑगस्ट, संध्याकाळी

आजही कोणी नाही. उगाच उठून पलीकडच्या खुर्चीत, ही बसली होती तिथे जाऊन बसलो. समोर माझी फ्रेम, माझी रिकामी खुर्ची. फार वेळ बसवेना.

तिथूनच फोन लावला. घर खायला उठतं म्हणालो. त्या दिवशी मला जाऊ नकोस म्हणायचं होतं, नियमामुळे म्हणालो नाही, चुकलो, परत ये. रडलोही. लाज वाटली नाही.

हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हे तेव्हाच म्हणाला असतात तर मी बॅग भरली नसती. आता दुकानाच्या पाटीवर आमची दोघींची नावं लागलीत.

म्हटलं, पाटी छान दिसत असेल.