कमी होणारे मनुष्यबळ : एक

१४ ऑगस्ट २०२५
आजपासून रोजनिशी. मोठे उद्योजक लिहितात म्हणे.
सरकारची नवी योजना. लहान कारखानदाराने ऑटोमेशन केलं की मशीनचा अर्धा खर्च अनुदानात. भुजंग नावाचा कन्सल्टंट अर्ज भरून देतोय. आपण बियाण्याच्या प्लांटला चाळण्या बनवून देतो. त्यांची भोकं नीट पडली की नाही हे आता कॅमेऱ्याचं मशीन बघणार. एमआयडीसीत आपल्या साइजचं पहिलं स्मार्ट युनिट!
अर्जात एक रकाना निघाला. यंत्रामुळे कमी होणारे मनुष्यबळ. मी शून्य म्हणालो. भुजंग म्हणाला, शून्य टाकलं तर मंग मशीन कशाला पाह्यजे म्हन्तील, शेठ, एक टाका. टाकला. पुढे नाव विचारलं. तपासणीवर आपल्याकडे माणूसच एक. अप्पाराव.
नुसतं कागदावर आहे. उद्या त्यांना सांगून मोकळा होतो.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. राष्ट्रीय सणाच्या दिवशी असले विषय काढू नयेत. अप्पारावांनी सगळ्यांसाठी जिलेबी आणली होती. एक खाल्ली. दुसरी तशीच परत ठेवली. ॲसिडिटी असावी.

२ सप्टेंबर
अर्ज मंजूर! तृप्तीला सांगितलं. बायकोने अभिनंदन करायचं सोडून विचारलं, अप्पारावांना माहीत आहे का. मी म्हणालो, जवळजवळ माहीत आहे. ती म्हणाली, म्हणजे नाही.
अप्पाराव वडिलांच्या वेळेपासूनचे. वडील गेले तेव्हा मला चाळणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षं त्यांनी मला सांभाळलं आणि बाहेर सगळ्यांना सांगितलं की शेठच सगळं बघतात. हे आज का आठवलं कुणास ठाऊक.
सोमवारी नक्की सांगणार.

२४ सप्टेंबर
मशीन आलं. जागा कमी पडली, तर अप्पारावांनी स्वतःच आपलं तपासणीचं टेबल उचलून बाहेर ठेवलं. मग विचारलं, शेठ, हे माझं काम करनार का. मी म्हणालो, तुम्हाला मदत करणार. मदत हा शब्द काही खोटा नाही. दिवसभर त्याच शब्दाचा विचार करत बसलो.

२ ऑक्टोबर, दसरा
मशीनची पूजा. अप्पाराव नव्हते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची त्यांची दरवर्षी सुटी असते. झेंडूचा हार मीच घातला. कुंकू कुठे लावायचं हा प्रश्न पडला. पुढून बघितलं तर वरची गोल काच अगदी कपाळासारखी. तेलात कालवून ठसठशीत लावलं. प्रसन्न वाटलं.

३ ऑक्टोबर
मशीन सगळा माल नापास करतंय. चांगलासुद्धा. कंपनीला फोन करून इंजिनिअरला झाडलं. म्हणालो, लहान कारखानदाराला फसवता का. तो म्हणाला, उद्या दुपारी येतो.

४ ऑक्टोबर
अप्पारावांनी मशीनकडे एकदाच बघितलं. म्हणाले, शेठ, ह्याच्या डोळ्यात कुंकू गेलंय.
इंजिनिअर तासाभरात पोचणार. वॉरंटीचा प्रश्न. अप्पाराव ओलं फडकं आणायला गेले, तेवढा दम मला निघाला नाही. हाताला पॉलिश पेपर लागला, त्यानेच घासलं. कुंकू गेलं. काचही बरीच गेली. मग अप्पाराव फडकं घेऊन आले.
इंजिनिअर म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. नवी काच यायला तीन महिने.

२५ ऑक्टोबर
मशीन चालू आहे. चांगल्याला नापास, खराबाला पास, असं थोडं होतं. म्हणून अप्पाराव मागून सगळा माल पुन्हा तपासतात. उभ्याने, कारण टेबल बाहेर आहे. या वयात त्यांना असं उभं बघवत नाही. मी तिकडे बघणं टाळतो.
संकल्प : १) त्यांना स्टूल. २) सांगणे.

१ नोव्हेंबर
स्टूल आणलं. मन निम्मं हलकं झालं.

१७ नोव्हेंबर
वीस तारखेला पाहणी. त्यावर अनुदान. भुजंग म्हणाला, कागदावर कमी केलेला मानूस साइटवर दिसला तर बिलकुल भेटनार न्हाई. म्हणून अप्पारावांना म्हणालो, टेंभुर्णीला लेकीकडे जाऊन या, भरपगारी सुटी. ते म्हणाले, पाहनीच्याच दिवशी कसं जाऊ, शेठ, तुमी येकटे पडाल. मी म्हणालो, आराम करा. किती सहज म्हणालो!

२० नोव्हेंबर
पाहणीला सरकारी अधिकारी अर्पिता मॅडम अकराला आल्या. सहा चांगल्या चाळण्या मशीनखाली घातल्या. सहाही नापास. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.
तेवढ्यात गेटमधून अप्पाराव. बस स्टँडवरून परत आलेले. म्हणाले, गाडीत बसलो व्हतो, पर जीव लागून न्हाई राह्यला. त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि ट्यूबलाइट आणि मशीनच्या काचेच्या मध्ये धरला. काचेवरच्या ओरखड्यांवर उजेड पडला की मशीन चुकतं, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. मला पत्ता नव्हता. सहाही पास.
मॅडम खूश. मग त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. कमी झालेले कामगार अप्पाराव, यांना कधी कमी केलं?
मी मशीनकडे बघत राहिलो. मॅडमनी पुन्हा विचारलं. पुठ्ठा तसाच धरून अप्पाराव म्हणाले, ते म्हातारं कव्हाच गेलं, मॅडम. मी हितं झाडलोट करतो.
मॅडमनी सही केली. लाज वाटली. इतकी की अप्पारावांना चहासुद्धा विचारला नाही. ते कधी गेले कळलं नाही.

२१ नोव्हेंबर
अप्पाराव आले नाहीत. दुपारी मी फोन केला. म्हणाले, सरकारी मान्सासमोर बोलून गेल्तो ना, शेठ. आता आलो तर तुमी खोटे पडाल. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला म्हणायचं होतं, पडू द्या खोटा, तुम्ही या. म्हणालो, तब्येतीला जपा.

२२ नोव्हेंबर
चंदनझिऱ्यात त्यांच्या घरी जायचं ठरवलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मोबाइल वाजल्यासारखा वाटला, म्हणून परत आलो.

२६ नोव्हेंबर
अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं. भुजंग पेढे घेऊन आला.
चोवीस चाळण्या तयार होत्या. पुठ्ठा मीच धरून बघितला, पण नेमका कुठे धरायचा ते जमेना. मशीनने बारा पास केल्या, बारा नापास. बरोबर कुठल्या, हे विचारायला मी दोनदा मागे वळून अप्पाराव म्हणालो. मग चोवीसही टेम्पोत भरून पाठवल्या.