मागची गादी

अप्पा, समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नर्स मोटारसायकल शिकते आहे. कामासाठी तिला चार गावं फिरावी लागतात. परवा तिनं विचारलं, लहान घेऊ का मोठी. मी सांगितलं, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आडवी पडली तर एकटीला उचलता आली पाहिजे, शिकताना लहानच बरी. सगळं खरं होतं. ती गेली आणि मी ओट्यावर बसून राहिलो. हेच सगळं मी तुम्हाला येडशीला सांगितलं होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आता तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी वीस वर्षांनी मोठा आहे, आणि तिथं खरं काय झालं ते कधी कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही पिठाच्या गिरण्यांच्या इंजिनांचे मिस्त्री. इंजिन बिघडलं की गावाहून निरोप यायचा, तुम्ही तट्टावर बसायचात, मी हत्यारांची पेटी घेऊन चालायचो. गिरणीवाले इंजिनाच्या धुराच्या नळीवर मडकं पालथं घालत. त्यानं पुकपुक आवाज लांब जायचा आणि बायका दळण घेऊन निघायच्या. गिरणीत शिरल्यावर तुमचं पहिलं काम ते मडकं काढणं. मग बाभळीची हातभर काठी, एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. ठोके मोजायचात ते तुमच्या आईच्या कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. तिसऱ्याला कपाळावर आठी आली की मी पाना काढून ठेवायचो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी हे चालू राहिलं. काम कानांचं होतं. आई गेल्यावर घरात तुम्ही आणि मी दोघंच होतो, आणि कामाला निघालो की तुम्ही बोलायचात, एरवी नाही.

तट्टू मेलं त्या उन्हाळ्यात तुम्ही फटफटीचं काढलंत. लढाई संपली होती, लष्कराच्या जुन्या गाड्या इकडं येत होत्या. "तू चालीव," तुम्ही म्हणालात, "म्या मागं बसून येतो. डोळं गेलं तर गेलं, कान हायेत अजून."

येडशीच्या स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लष्करातून सुटून आलेल्या एका ड्रायव्हरनं दोन गाड्या ठेवल्या होत्या. बार्शीकडून निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून त्या कशा आणल्या हे तो दोनदा सांगतो, दोन्ही वेळा वेगळं. एक मोठी, काळी, मागं गादी असलेली. दुसरी धाकटी, सायकलीपेक्षा थोडी जाड, बसायला एकच जागा, मागं नुसती लोखंडी जाळी. मी फक्त आठ दिवस दुसऱ्याच्या गाडीवर हात बसवला होता.

"मिस्त्री," ड्रायव्हर म्हणतो, "ये हाथी, ये बकरी. पोट्टा तुम्हारा नवा है. बकरी लेव."

"हाथी पे दो जन बैठते," तुम्ही म्हणता. "बकरी पे?"

"बकरी पे पेटी बांधो. आदमी नक्को."

तुम्ही हसलात. दोन्ही गाड्या सुरू करायला लावल्यात आणि काठी लावून ऐकलंत. धाकटीपाशी वेळ घालवला नाहीत. "ही तोंडात पान धरून बोलल्यागत बोलती. थोरलीचं समदं शब्द कळतेत." मग थोरलीच्या मागच्या गादीवरून हात फिरवलात. धोतर सावरून वर बसलात. पायांनी टेकायची जागा चाचपलीत, काठी मांडीवर आडवी घेतलीत आणि समोर तोंड करून बसून राहिलात. गाडी स्टँडवर उभी होती. तुमच्या चेहऱ्यावर वारा लागत असल्यासारखं काहीतरी होतं.

मी म्हणालो, जड आहे, मी शिकाऊ आहे, कुठं माळावर पडली तर उचलणार कोण. ड्रायव्हर म्हणाला, उठाके देखो, और क्या. तुम्ही उतरून बाजूला झालात आणि त्यानं थोरली वाळूवर आडवी केली. मी मूठ धरली, मागची दांडी धरली, गुडघे वाकवले. गाडी वर आली. अजून एक रेटा दिला असता तर चाकांवर उभी राहिली असती. तुम्ही दोन हात अंतरावर उभे होतात, कान माझ्याकडं करून. मी ती हळूच परत वाळूवर ठेवली.

"जमत न्हाय, अप्पा. लई जड हाय."

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं आणि बिडी काढली.  तुम्ही म्हणालात, "धाकटीच घे मग. शिकणाऱ्याला धाकटीच बरी."

मला तुमचा राग नव्हता. पण प्रत्येक गावात लोक माझ्या खांद्यावरून मागं बघायचे, मिस्त्री आले का म्हणून. नट मी फिरवत असताना नुसत्या आवाजावरून तुम्ही माझा हात बाजूला करायचात. बरोबरच असायचं ते. मला एकदा चुकायचं होतं, कुणी हात बाजूला न करता.

पहिल्या दिवशी तुम्हीच पेटी जाळीवर बांधलीत, गाठ तीनदा चाचपलीत. काठी माझ्या हातात दिलीत. शेजारीण नंतर सांगायची, फटफटीचा आवाज जाईपर्यंत अप्पा दारात उभे असतात. तिला आवाज वेशीपर्यंत यायचा. तुम्हाला कुठवर यायचा, ते मी विचारलं नाही.

दिवस मावळता मी परत यायचो. तुम्ही भाकरी ताटलीत ठेवून विचारायचात, "काय म्हणत हुतं?" मी तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचो. तुम्ही डोळे मिटून मोजायचात. एकदा बेंबळीच्या गिरणीचा आवाज मी काढला आणि तुम्ही म्हणालात, व्हॉल्व्ह अडकतोय, खोलून बघ. दुसऱ्या दिवशी जाऊन मी अख्खं इंजिन खोललं. व्हॉल्व्ह चांगला होता. दळणाच्या टोपल्या रांगेत, बायका झाडाखाली, गिरणीवाला डोकं धरून. घरी येऊन मी पुन्हा तोच आवाज काढला. तुम्ही मध्येच थांबवलंत.

"मडकं काढलं हुतंस का?"

काढलं नव्हतं. दोन दिवस मी तुम्हाला मडक्याचा आवाज ऐकवत होतो. तुम्ही रागावला नाहीत. "म्या असतो तर," एवढंच म्हणालात आणि उठून हात धुतलेत.

मी चुकत होतो आणि हात बाजूला करायला कुणी नव्हतं. माकणीच्या वाटेवर गाडी थांबवून मी बाभळीखाली भाकरी खायचो. एकटा. इंजिन निवताना टिकटिक करायचं आणि मी नकळत कानडीत मोजायचो. गावात लोक अजूनही माझ्या खांद्यावरून मागं बघायचे. मागं पेटी होती.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात ताप उतरत नव्हता. एका दुपारी पाणी पाजताना तुम्ही म्हणालात, "येडशीला थोरली उचलत हुतास तवा टाकीतलं पेट्रोल हाललेलं ऐकलं म्या." मी भांडं धरून राहिलो. "किती वर आली हुती?"

तुम्ही दोष देत नव्हतात. बिघाड कुठं आहे ते विचारावं तसं विचारलंत.

"गुडघ्यापर्यंत," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडं वळलात.

गाडी गुडघ्यापर्यंत उचलली की पेट्रोल किती हलतं आणि त्याच्या वर किती, हे तुम्हाला ठाऊक असणार. तरी तुम्ही विचारलंत, म्हणजे मला खरं बोलायला जागा दिलीत. ते मला त्या दुपारी कळलं नाही. पुढं कळलं तेव्हा सांगायला कुणी नव्हतं. धाकटी मी सोळा वर्षं चालवली. हात बसल्यावर, तुम्ही असतानाच, जाळी काढून तिथं गादी बसवता आली असती. बसवली नाही.

उद्या सकाळी त्या नर्सला विचारणार आहे, मागं कोण बसणार आहे तुझ्या. हा कागद घडी करून पेटीत ठेवतो, काठीच्या खाली. काठी अजून आहे.

कमरेपर्यंत आली होती, अप्पा.