अर्धा सूर वर

नाही, विकल्या नाहीत त्या कॅसेटी. फेकल्याही नाहीत. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडल्यात, बुरशी धरली असेल, मी चढून बघत नाही, गुडघे गेलेत माझे. विचारलं कुणी नाही म्हणा, अण्णा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, विचारणार कोण. पण गेल्या रविवारी कल्याणला धाकट्या भावाकडे गेलेले, तिथून आल्यापासून डोक्यात भुणभुण चाललीय, म्हणून हे लिहायला घेतलं. आठवीतून तुम्हीच काढलंत शाळेतून, तेव्हा चुका काढू नका. आणि रडगाणं मी गाणार नाही. झालं ते सांगते.

कोपरीतलं दुकान डोळ्यासमोर आहे माझ्या. पुढे दुकान, मागे आपली खोली, मधे पडदा. तुम्ही खाली चटईवर बसलेले, समोर पेटी उघडून ठेवलेली, भाता एका बाजूला, पितळेचे सूर ओळीने मांडलेले. एकेक सूर ओठाला लावून फुंकायचा, कान वाकडा करायचा, कानशीने एवढंसं घासायचं, परत फुंकायचं. भजनी मंडळाची माणसं बाकावर चहा पीत बसायची आणि म्हणायची, मास्तरांचा कान म्हणजे कान. तुम्हाला ते आवडायचं. एकदा त्यांच्यासमोर तुम्ही आम्हा दोघांना पाठमोरं बसवलंत आणि सूर फुंकून विचारत गेलात, कुठली पट्टी सांगा. मी दहाच्या दहा बरोबर सांगितल्या. धाकट्याच्या तीन आल्या. त्याच्या पाठीवर थाप मारलीत, बोललात, "कान तयार होतोय पोराचा." मी शेजारीच बसलेली. मंडळातला एकजण बोलला, "मास्तर, पोरीने तर सगळे ओळखले." तुम्ही सूर पुसत बोललात, "पोरीला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या की झालं." सगळे हसले. मी आत जाऊन भांडी घासली.

मग पेट्या कमी झाल्या. घरोघरी टेप आले, रंगीत टीव्ही आले, पेटी कोण काढणार. तुम्ही दोन टेप आणलेत, एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर भरायचं, आणि बाहेर पाटी लावलीत, कॅसेट भरून मिळेल. तिथे बसवलंत मला. गाण्यांची यादी घ्यायची, साठची का नव्वदची विचारायचं, बटणं दाबायची. तेव्हाच तो बोटवाला यायला लागला, डोंबिवलीचा, जहाजावर नोकरी करणारा. सहा महिन्यांनी घरी यायचा तेव्हा पिशवीभर कॅसेटी घेऊन यायचा. त्या दुकानात विकायच्या नव्हत्याच. एका परदेशी गिटारवाल्याच्या, मेटल का काय म्हणतात त्यातला मोठा माणूस, आणि हे सगळं चोरून भरलेलं. कुणी खिशात टेप लपवून कार्यक्रमात भरलेलं, बाजूचा माणूस बोंबलतोय तेही आलेलं. कुणी तालमीच्या खोलीत भरलेलं. तो तोच तुकडा दहादा वाजवतोय, चुकला की शिवी देतोय, मधे खोकतोय, कुत्रं भुंकतंय. कंपनीने कधी काढलेलंच नाही हे, बोटवाला सांगायचा. तुम्ही म्हणायचात, "पत्रे कापतोय मेला." पण मुलुंड, कळवा, डोंबिवली, सगळीकडची लांब केसांची पोरं दारात उभी राहायला लागली तेव्हा पत्रे कापलेले चालायला लागले तुम्हाला.

धाकटा त्या आवाजाने वेडा झाला. तुम्हीच त्याला गिटार आणून दिलीत, जुनी होती, तुम्ही स्वतः खुंट्या बसवल्या तिच्या. मला त्या वर्षी काय आणलं ते आठवत नाही, आणलं नसेल. तो कॉलेजला दांड्या मारून माझ्या शेजारी स्टुलावर बसायचा, टेप मागे घे ताई, परत मागे घे, करायचा. आणि एक दिवस तुमच्याकडे आला. "अण्णा, जुळत नाही. माझी जाड तार मोकळी सोडली की पेटीवरची पांढरी तीन लागते. टेपवर काळी दोन येते. अर्धा सूर खाली आहे." तुम्ही पेटी ओढलीत, पट्टी दाबलीत, ऐकलंत. गिटार म्हणजे पांढरी तीन, हे बाजारातून शिकून आलेलात. मग गिटारवाला चुकणार नाही, माणूस मोठा आहे, आणि तुमचा कान तर चुकणारच नाही, म्हणजे चुकला कोण, टेप. बोललात, "तिकडची वीज वेगळी. तिकडे भरलेली इथे हळू चालते." टेप उघडलात, मोटरच्या पाठी बारीक भोक असतं, त्यात स्क्रू असतो. घड्याळवाल्याचा पेचकस घातलात आणि पेटीची पट्टी दाबून धरून स्क्रू फिरवत राहिलात, गिटारची तार पांढऱ्या तीनवर येऊन बसेपर्यंत. पेटी लावतात तसा माणूस लावलात तुम्ही. धाकटा नाचला. "आता बरोबर, अण्णा!" मला कळलं की तो गिटारवाला मधे बोलतो तेव्हा आवाज पोरासारखा पातळ यायला लागलाय. मी बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. तिथून पुढे आपल्या दुकानातून गेलेली प्रत्येक कॅसेट तशीच गेली, चढलेली आणि पळणारी. आणि धाकटा तसाच पळायला शिकला.

पुढच्या खेपेला बोटवाला आला तेव्हा तुम्ही पेटीचे सूर आणायला मुंबईला गेलेलात. त्याने आपल्या दुकानात भरलेली कॅसेट ऐकली आणि कपाळाला हात लावला. "ताई, ही पळतेय. हा माणूस मुद्दाम तारा अर्धा सूर उतरवून वाजवतो. आवाज जड येतो त्याने. मास्तरांना सांगा, मोटर बघायला." सांगते बोलले. तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, जेवायला बसलात. मी भात वाढला. आमटी वाढली. आणखी काही वाढलं नाही.

मग नौपाड्याचं आलं. ठाण्यातली चार पोरं होती, त्यांचा बँड होता, खरे कार्यक्रम करायचे, हॉटेलात, कॉलेजात. त्यांचा गिटारवाला अमेरिकेला चालला होता, त्याची जागा रिकामी. धाकट्याला बोलावलं. बावीस वर्षांचा होता तो आणि आयुष्यात त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. दुपारची वेळ, क्लासचा हॉल, मी त्याच्याबरोबर गेलेले कारण गिटारचा आवाजाचा खोका दोघांनी उचलायला लागायचा. सुरू झाले आणि पहिल्या घासालाच खडा. सगळे थांबले. गाणारा बोलला, "अरे, अर्धा सूर खाली ये." धाकटा बोलला, "तुम्ही वर या." "वर? वर कुठे?" "बरोबर पट्टी ही आहे. माझे वडील पेटी लावतात कोपरीत. त्यांचा कान चुकत नाही." ढोलवाला कांड्या खाली टाकून हसायला लागला. "च्यायला, हा पेटीवर मेटल शिकलाय! भजन पण येतं का रे सोबत?" दुसरा बोलला, "थांब थांब, ती कोपरीची कॅसेट काय रे? ती उंदरासारखी पळणारी?" त्यांनी विकतची, कंपनीची कॅसेट लावली. खाली होती. जड, सावकाश. धाकट्याचा चेहरा बघवत नव्हता.

पण गाणारा पोरगा चांगला होता. बोलला, "हे बघ, हात आहे तुला, आमच्यापेक्षा जास्त आहे. तारा उतरव, परत घेऊ. जागा तुझीच आहे." किती वेळ लागतो तारा उतरवायला? खुंटी पिळायची. धाकट्याने खुंटीला हात लावला. आणि काढला. "अण्णांना विचारून येतो." असं बोलला तो, बावीस वर्षांचा बाप्या. हॉल हसण्याने फुटला. "बाबूला पप्पांची परवानगी पाहिजे!" गाणारा तेवढा हसला नाही. बोलला, "उद्या दुपारपर्यंत येऊन सांग. मग आम्ही दुसरा बघू."

तो रेल्वेचा पूल ओलांडून धावत आला. मी रिक्षावाल्याच्या मदतीने खोका चढवून मागून, रिक्षाने. पोचले तेव्हा तो तुमच्यासमोर उभा होता आणि बाकावर मंडळाची तीन माणसं. "अण्णा, ते बोलतात आपला टेप अर्धा सूर वर आहे. खरं असेल का?" तुम्ही ओठाचा सूर काढला नाहीत. फुंकलात. घासलात. मग बोललात, "मी लावलेल्या पेट्यांवर लोकं पंचवीस वर्षं गातायत, आणि चार केसाळ पोरं मला सूर शिकवणार?" "तसं नाही अण्णा, त्यांनी कंपनीची कॅसेट लावून दाखवली..." "नाचता येईना अंगण वाकडं. बोटं लाकडाची आहेत तुझी. माझ्या टेपला नावं ठेवतोस? ज्याची तार सैल त्याचा सूर सैल. जा आत." मंडळातला म्हातारा बोलला, "मास्तर, पोरगं नाराज झालं." तुम्ही बोललात, "होऊ दे. नाराज होऊन सूर लागत नाही." ते हसले, तुम्ही हसलात. मला बोललात, चहा टाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं. पडद्याशी चहा घेऊन उभी होते. मंडळाचं भजन भरलेली एक कॅसेट होती, त्यात वाजलेली पेटी तुम्हीच लावलेली, काळी एकची. ती तुम्ही त्या टेपवर लावलीत आणि समोरच्या पेटीवर काळी एक दाबलीत. जुळली नाही. पांढरी दोन दाबलीत. जुळली. तुमचीच पेटी तुमच्या अंगावर आली. तुम्ही तसेच बसून राहिलात, पट्टीवर बोट ठेवून. मग पेचकस घेतलात, टेप उघडलात आणि स्क्रू मागे फिरवलात, काळी एक काळ्या एकवर येईपर्यंत. वर बघितलंत तर मी. "काय बघतेस? धूळ काढतोय." धाकटा आत भिंतीकडे तोंड करून पडलेला. दुपारपर्यंत वेळ होता. नौपाडा किती लांब, पूल उतरला की आलं. एक शब्द बोलायचा होता तुम्हाला, तोही पोराच्या कानात, मंडळाला कळलं पण नसतं. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना कॅसेटी बरोबर गेल्या. गिऱ्हाईक सुधारलंत. पोरगा तसाच ठेवलात.

तो गेला नाही नौपाड्याला. महिन्याभरात गिटार कळव्याच्या एका पोराला देऊन टाकली, नुसती, आणि डोंबिवलीला केमिकलच्या कारखान्यात लागला. मोठा वादक झाला असता, असलं मी बोलत नाही. कदाचित बँडही बुडाला असता. पण धाकटा स्वतःच्या सैल तारेने बुडाला असता, तुमच्या स्क्रूने नाही. शेवटच्या वर्षी तुमचे कान गेले तेव्हा तोच तुमच्या कानाशी ओरडून ओरडून सांगायचा, तीच गोष्ट चार-चारदा, न कंटाळता. मी मुद्दाम हळू बोलायचे. तुम्ही "काय? काय?" करायचात. मी परत तेवढ्याच हळू बोलायचे. ते तुम्हाला कळलं होतं का माहीत नाही. कळलं असेल तर बरंच.

आता रविवारचं. धाकट्याच्या मुलीने मोबाइल पुढे केला. "आत्या, पप्पा, ऐका, तुमच्या त्या जुन्या चोरीच्या टेप्स कंपनीने साफ करून काढल्यात आता." लावलं तिने. तीच तालमीची खोली, तोच खोकला, तेच कुत्रं. फक्त जड. सावकाश. मोठ्या माणसाचा आवाज. धाकटा ऐकत होता आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती, पुढे पुढे पळत होती, गाणं मागे राहत होतं. मधेच बोलला, "बिघडवलंय मेल्यांनी. हळू केलंय. आमच्या अण्णांची कॉपी बरोबर होती." पोरगी बोलली, "पप्पा, ओरिजिनल आहे हे!" तो माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग हिला. तू भरल्यास सगळ्या." साठी ओलांडलीय त्याने, अण्णा, आणि अजून तुमच्या बाजूने भांडतोय. मी बोलले, "हो, अण्णांचीच बरोबर होती." त्याला बरं वाटलं. भाजी वाढून घेतली परत.

हे कागद मी कुठे टाकणार नाही, कुणाला दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच. तुमचं सगळं लिहिलं, तर माझंही एक राहिलंय, ते लिहिते आणि उठते. त्या दिवशी हॉलमध्ये, तो खुंटीवरचा हात काढून "अण्णांना विचारून येतो" बोलला आणि ती पोरं हसली, तेव्हा मी खोक्यावर बसलेले. मला सगळं माहीत होतं, एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी पण हसले. त्यांच्याएवढ्याच मोठ्याने. त्याने वळून बघितलं माझ्याकडे.

का हसले ते विचारू नका. नाही सांगणार.